प्रश्नाला जागा असलेली लेन: ड्राइव्ह-थ्रू नव्याने कल्पायचा तर

आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, ओहायोला आली होती तेव्हाची गोष्ट. हायवेवरून घरी परतताना उशीर झाला म्हणून मी एका ड्राइव्ह-थ्रूच्या, म्हणजे गाडीतून न उतरता खाणं मिळणाऱ्या ठिकाणाच्या रांगेत गाडी घातली. स्पीकर बसवलेल्या ऑर्डरच्या खांबाशी आलो तेव्हा मागच्या सीटवरून आई म्हणाली, "थांब, मी विचारते." तिने काच खाली केली आणि अगदी स्वच्छ इंग्रजीत विचारलं, की ज्या तेलात चिकन तळता त्यातच बटाटे तळता का? खांबातून आवाज आला, "सॉरी?" तिने पुन्हा विचारलं. पुन्हा "सॉरी?" मागच्या गाडीने हॉर्न दिला. "जाऊ दे गं, मला तशीही भूक नाहीये," असं म्हणत तिने काच वर घेतली.

तिला भूक होती. घरी आल्यावर तिने दहीभात कालवून घेतला.

सर्व्हिस डिझाइन हे माझं रोजचं काम आहे. बँकेची रांग, दवाखान्याची नोंदणी, परतावा मागण्याचा फोन अशा सेवा माणसाला पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत कशा भेटतात, याची आखणी आम्ही करतो. त्या रात्रीनंतर ड्राइव्ह-थ्रू माझ्या डोक्यातून गेला नाही. आजचा खांब थोडा सुधारून आईचा प्रश्न सुटणार नव्हता, म्हणून मी स्पेक्युलेटिव्ह डिझाइनच्या वाटेने गेले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये अँथनी डन आणि फिओना रॅबी यांनी ही पद्धत रुजवली. तिच्यात पंधरा-वीस वर्षांपुढचं एक छोटं, ठोस चित्र उभं करायचं, त्यात खरी माणसं सोडायची आणि ती कुठे अडखळतात, कुठे खुलतात ते बघायचं. भविष्याचा अंदाज बांधणं हा तिचा हेतूच नसतो. आज आपण काय गृहीत धरून बसलोय, ते तिच्यामुळे दिसतं.

हे सगळं सहा-आठ जणांच्या गटाला दोन शनिवार-रविवारांत करता येतं. पुठ्ठा, खडू, चिकटपट्टी, स्टॉपवॉच आणि गाड्या नसलेली मोकळी पार्किंगची जागा एवढं पुरतं. विद्यार्थी असाल तर प्रकल्प म्हणून करा, हॉटेल चालवत असाल तर स्वतःच्या रांगेसाठी करा.

पायरी १: आजचं रूप कुठल्या जुन्या अडचणीतून आलं ते शोधा

ही पायरी लोक वगळतात आणि थेट कल्पनांवर उडी घेतात. मग त्यांचं भविष्य आजच्यासारखंच दिसतं, फक्त त्यावर स्क्रीन जास्त असतात.

ड्राइव्ह-थ्रूच्या आधी अमेरिकेत ड्राइव्ह-इन होते. गाडी उभी करायची, मग पोऱ्या किंवा पोरगी गाडीपाशी येऊन ऑर्डर घ्यायची आणि ट्रे खिडकीला अडकवून जायची. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बाल्डविन पार्कमध्ये हॅरी आणि एस्थर स्नायडर यांनी इन-एन-आउट हे बर्गरचं दुकान सुरू केलं, तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलता येणारा स्पीकर बसवला. गाडीपाशी जाणारं माणूस गेलं, त्याचा आवाज तेवढा उरला. १९७० मध्ये आमच्या ओहायोतल्या कोलंबसमध्ये वेंडीज या बर्गरवाल्या कंपनीने गाडीवाल्यांसाठी वेगळी पिक-अप खिडकी काढली. मॅकडोनाल्ड्स यात बरंच उशिरा आलं. त्यांचा पहिला ड्राइव्ह-थ्रू १९७५ मध्ये ॲरिझोनातल्या सिएरा व्हिस्टा गावात उघडला. शेजारीच फोर्ट हुआचुका ही लष्करी छावणी आहे. कामाच्या गणवेशात असताना छावणीबाहेर गाडीतून उतरायची सैनिकांना मनाई होती. सैनिक उतरू शकत नव्हते, म्हणून भिंतीला खिडकी पाडली.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण त्यात माणूसही दिसतो आणि त्याची अडचणही. त्या सैनिकाला काय खायचं ते ठाऊक होतं, मेन्यू छोटा होता, विचारण्यासारखं काही नव्हतं.

तुमच्या गटाने मोठ्या कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात सेवेचा एकेक भाग: खांब, खिडकी, लेन, कागदी पिशवी. दुसऱ्यात तो भाग कुणाच्या कुठल्या अडचणीसाठी आला. तिसऱ्यात ती अडचण आज कुणाला आहे. काही रकाने रिकामे राहतील, तिथे अंदाज ठोकू नका. लेनची दिशासुद्धा लिहा. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणून गाडी इमारत डाव्या हाताला ठेवून घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. भारतात चालक उजवीकडे, म्हणून तीच लेन घड्याळाच्या दिशेने आखावी लागते. म्हणजे अख्ख्या प्लॉटचा नकाशा एका माणसाच्या हातावरून ठरतो. मागच्या सीटवर कोण बसलंय, याचा त्यात कुठेच विचार नाही.

पायरी २: शेजारी बसून बघा

मॅनेजरला सांगून, आतल्या काचेलगतच्या टेबलावर कॉफी घेऊन बसा. दोन वेळा निवडा: दुपारी १२ ते १ आणि रात्री ९ नंतर. वीस-वीस गाड्या पुरेशा आहेत. गाडीचा नंबर, चेहरे, फोटो काही घेऊ नका.

प्रत्येक गाडीसाठी पाच क्षणांची वेळ टिपा: खांबाशी आली, बोलणं सुरू झालं, बोलणं संपलं, पैसे दिले, पिशवी घेऊन निघाली. पण खरा माल या आकड्यांच्या बाहेर असतो. चालक मागे वळून कुणाला तरी विचारतो का? हात पोहोचत नाही म्हणून दार उघडतो का? पिशवी मिळाल्यावर पुढे जाऊन थांबतो आणि आत काय आहे ते तपासतो का? कुणी "काही नको" असं म्हणून निघून जातं का? या शेवटच्या माणसाची नोंद कुठल्याच यंत्रात होत नाही. आमच्या घरची त्या रात्रीची ऑर्डर त्यांच्या हिशोबात उत्तम आणि झटपट अशीच लागली असणार.

रात्री पायी येणाऱ्यांवरही लक्ष ठेवा. बऱ्याच ठिकाणी रात्री आतला भाग बंद होतो, फक्त लेन चालू असते, आणि सुरक्षेच्या कारणाने लेनमध्ये पायी येणाऱ्याला काही देत नाहीत. ज्याला गाडी चालवताच येत नाही त्याचं काय? २०१६ मध्ये इलिनॉयच्या न्यायालयात एका अंध ग्राहकाने नेमक्या याच मुद्द्यावर मॅकडोनाल्ड्सवर दावा लावला होता.

पायरी ३: रंगमंच आणि विंग

१९८४ मध्ये लिन शोस्टॅक यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये सर्व्हिस ब्लूप्रिंटची कल्पना मांडली. सेवेचा आराखडा इमारतीच्या आराखड्यासारखा काढायचा आणि मधोमध एक रेघ मारायची. रेघेच्या वर ग्राहकाला दिसतं ते, खाली न दिसणारं. नाटक बघणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही: वर रंगमंच, खाली विंग.

भिंतीवर कागदाची लांब पट्टी लावा आणि चार ओळी आखा. ग्राहक काय करतो, समोर काय दिसतं-ऐकू येतं, विंगेत कोण काय करतं, आणि कुठलं यंत्र चालतं. मग एकच गाडी डावीकडून उजवीकडे न्या.

विंगेत बरंच काही सापडेल. डांबराखाली तारेचं वेटोळं पुरलेलं असतं. वर गाडीचं धातूचं धूड आलं की त्याला कळतं आणि आतल्या माणसाच्या हेडसेटमध्ये सूचना वाजते. बहुतेक वेळा तिथूनच टायमर सुरू होतो. स्वयंपाकघरात पडद्यावर प्रत्येक गाडीचे सेकंद पळत असतात आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की रंग बदलतो. हेडसेट घातलेली तीच मुलगी त्याच वेळी दुसऱ्या हाताने पेय भरत असते आणि खिडकीतल्या माणसाचे पैसे घेत असते. "सॉरी?" म्हणणाऱ्या आवाजामागे हे सगळं चालू होतं. आराखडा काढेपर्यंत मला त्या आवाजाचा रागच होता.

इथे थोडा जास्त वेळ द्या. "जरा पुढे जाऊन थांबता का, आणून देतो," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. गाडी खिडकीवरून हलली की टायमर थांबतो. ग्राहक मात्र अजून थांबलेलाच असतो आणि कुणाला तरी पिशवी घेऊन बाहेर पळावं लागतं. ही वाट तुमच्या आराखड्यात लाल पेनाने काढा. यात कर्मचाऱ्यांची चूक नाही. त्यांना जे मोजून दाखवायला सांगितलं आहे, ते ते दाखवतात.

पायरी ४: गृहीतकं कापून टेबलावर मांडा

आराखड्यासमोर उभं राहून प्रत्येकाने "इथे असं धरलंय की…" या शब्दांनी सुरू होणारी वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहायची. आमच्या गटाला मिळालेली काही: ऑर्डर देणारा स्टिअरिंगमागे असतो. त्याला पाटी वाचता येते. त्याचा उच्चार इथला असतो. त्याला लवकर निघायचं असतं. त्याला प्रश्न नसतात.

शेवटच्या चिठ्ठीवर आम्ही थांबलो. अमेरिकेतल्या मराठी शाकाहारी घरांत ड्राइव्ह-थ्रूचे पाठ केलेले मंत्र असतात: मांसाऐवजी बीन्स, पॅटीशिवाय बर्गर. घरातली मुलं ते घडाघडा म्हणतात. पण हे मंत्र खांबाला चालतील असे घडवलेले असतात. त्यात प्रश्न नसतो, फक्त बदल असतो. आणि प्रश्न खरोखर महत्त्वाचा असू शकतो. मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेतल्या आपल्या फ्राइजमध्ये बीफपासूनचा स्वादघटक आहे हे नीट सांगितलं नाही, म्हणून हिंदू आणि शाकाहारी ग्राहकांनी त्यांच्यावर दावे केले होते. २००२ मध्ये कंपनीने माफी मागून १ कोटी डॉलर देण्याची तडजोड केली. कित्येकांनी वर्षानुवर्षं ते बटाटे निर्धास्त खाल्ले होते.

चिठ्ठ्यांतून एकच निवडा. दोन-तीन एकत्र घेतल्या की कल्पना पातळ होते. आम्ही घेतली ती "त्याला प्रश्न नसतात" ही.

पायरी ५: "समजा" लिहा

वाक्याचा साचा असा ठेवा: एक साल, बदललेली एकच गोष्ट, एक माणूस, त्याची एक कृती. "भविष्यात ड्राइव्ह-थ्रू अधिक मानवी असेल" हे वाक्य टाकाऊ आहे, त्याचा अभिनय करता येत नाही. आमचं वाक्य हे होतं: "समजा २०४२ आहे, गावाचा नियम आहे की प्रत्येक ड्राइव्ह-थ्रूत एक लेन टायमरविना आणि पायी येणाऱ्यांनाही खुली हवी, आणि सत्तर वर्षांची एक बाई तिथे तेलाबद्दल विचारते."

बदललेली गोष्ट हवेतून काढू नका. आज कुठेतरी तिचा कोंब दिसायला हवा. मिनिआपोलिस शहराने २०१९ मध्येच नव्या ड्राइव्ह-थ्रूंना बंदी केली, म्हणजे शहर असा नियम करू शकतं. त्याच साली नेदरलँड्समधल्या युम्बो या सुपरमार्केटने व्लाइमेन गावात गप्पा मारत बिल करायचं काउंटर सुरू केलं, मुख्यतः एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी, आणि नंतर ती कल्पना इतर दुकानांत नेली. सावकाश रांग दुकानदाराला परवडू शकते, याचा हा कोंब.

उलट दिशेचे कोंबही बघा. मिनेसोटातल्या ब्रुकलिन पार्कमध्ये टाको बेल या फास्ट फूड कंपनीने २०२२ मध्ये वर स्वयंपाकघर आणि खाली चार लेन अशी इमारत उभारली. तिथे अन्न लिफ्टने खाली येतं. जॉर्जियातल्या मॅकडोनामध्ये चिक-फिल-ए या चिकनवाल्या कंपनीने २०२४ मध्ये चार लेनच्या वर पुलासारखं उभं असलेलं दुकान उघडलं. ऑर्डर यंत्राने ऐकून घ्यायचे प्रयत्नही झाले. मॅकडोनाल्ड्सने आयबीएमबरोबर शंभराहून जास्त दुकानांत चालवलेली चाचणी २०२४ मध्ये थांबवली, पण इतरांनी तो नाद सोडलेला नाही. हे सगळे प्रयत्न वेग वाढवायचे आहेत. तुमच्या २०४२ मध्ये तेही चालू असणार, त्यामुळे सावकाश लेनच्या शेजारी सुसाट लेन दाखवायला विसरू नका.

पायरी ६: गणित करून बघा

"परवडणार नाही," असं गटातलं कुणीतरी म्हणणारच. त्याला गप्प करू नका, कागद द्या. पुढे एमआयटीत प्राध्यापक झालेले जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे उपयोगी पडतो: आत असलेली सरासरी माणसं म्हणजे तासाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा आत जाणारा वेळ. समजा नेहमीच्या लेनमध्ये तासाला ४० गाड्या येतात आणि प्रत्येक ६ मिनिटं थांबते. ६ मिनिटं म्हणजे ०.१ तास, म्हणून कुठल्याही क्षणी सरासरी ४ गाड्या. आता सावकाश लेनमध्ये तासाला ८ माणसं आली आणि प्रत्येकाने तब्बल १५ मिनिटं घेतली, तर ८ गुणिले ०.२५, म्हणजे सरासरी २ माणसं. दोन गाड्यांची जागा. त्यात तुमच्या निरीक्षणातले आकडे घाला, उत्तर बदलेल. आमच्याकडे हे गणित झाल्यावर वादाचा सूरच बदलला. जागेचा प्रश्न मिटला आणि खरा प्रश्न वर आला: उत्तर द्यायला कोण उभं राहणार?

पायरी ७: २०४२ मधल्या साध्यासुध्या वस्तू बनवा

चकचकीत चित्रं काढू नका. त्या काळातल्या माणसाच्या खिशात, टेबलावर, भिंतीवर सहज पडलेल्या असतील अशा तीन-चार वस्तू करा. आम्ही एक पावती केली, एक नोकरीची जाहिरात लिहिली ("सावकाश लेनसाठी माणूस हवा, स्वयंपाकघरात दोन वर्षं काम केलेलं असावं"), पुठ्ठ्याचा बुटका खांब केला, चाकाच्या खुर्चीतून तोंड पोहोचेल एवढ्या उंचीचा.

सर्वांत उपयोगी ठरलं ते तक्रारपत्र. २०४२ मधल्या एका शेजाऱ्याने नगरपालिकेला लिहिलं होतं, की सावकाश लेनपाशी लोक रात्री अकरापर्यंत बाकावर बसून राहतात, हसतात, आमची झोप मोडते. ते वाचेपर्यंत तिथे बाक असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. प्रत्येक गटाने असं एक पत्र लिहावंच. आपल्या कल्पनेवर चिडणारा माणूस नीट रंगवता आला, की ती कल्पना जमिनीवर येते.

पायरी ८: पार्किंगमध्ये खेळून बघा

आमच्या महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम संपल्यावर पार्किंग अर्धं रिकामं होतं. तिथे आम्ही खडूने दोन लेन आखल्या. गाडी म्हणजे दोन पुढे, दोन मागे अशा चार खुर्च्या. मंडळातल्या काका-मावश्यांना, मुलांना बोलावलं. डिझाइनवाले सगळे विंगेत उभे राहिले. हे कटाक्षाने पाळा, कारण कल्पना ज्याची असते तो नकळत तिला सांभाळून घेतो.

आधी आजचा ड्राइव्ह-थ्रू खेळा. स्पीकर दाखवायला ग्राहक आणि ऑर्डर घेणारी यांना पाठीला पाठ लावून उभं करा. ऑर्डर घेणारीच्या हातात त्याच वेळी ग्लास भरायला द्या. मागे एक मुलगा हॉर्नला ठेवा आणि विंगेतून कुणीतरी मोठ्याने सेकंद मोजा. दोन मिनिटांत सगळ्यांचे खांदे वर चढतात. मग सेकंद मोजणं बंद करा, दोघांना समोरासमोर आणा आणि २०४२ सुरू करा.

प्रत्येक फेरी पाच मिनिटांत थांबवा आणि खेळणाऱ्यांना एकच गोष्ट विचारा: कुठल्या क्षणी तुम्हाला काय करावं ते कळेना? "आवडलं का?" हे विचारू नका, मंडळातली माणसं प्रेमाने हो म्हणतात.

आईने सत्तर वर्षांच्या बाईची भूमिका घेतली. म्हणजे ती स्वतःच होती. पुठ्ठ्याच्या खांबाशी उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीला तिने शांतपणे तोच प्रश्न विचारला. मुलीला तो पहिल्या फटक्यात कळला. आणि ती गप्प झाली. तिला उत्तर माहीत नव्हतं. ती विंगेत गेली, तिथे स्वयंपाकी झालेल्या काकांना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं. "सकाळच्या पाळीला ठाऊक असेल," काका सुचेल ते बोलले आणि सगळे हसले, पण माझ्या पोटात खड्डा पडला. आम्ही प्रश्नाला वेळ दिला होता, जागा दिली होती, बाक दिला होता. उत्तर कुठे ठेवलेलं असतं, हे आराखड्याच्या चारही ओळींत नव्हतं.

त्या दिवशी आम्ही पट्टीच्या खाली पाचवी ओळ आखली: "हे कुणाला माहीत आहे?" तुम्ही ती पहिल्यापासूनच आखा.

पायरी ९: २०४२ मधून एकच वस्तू आज आणा

टायमर उद्या बंद होणार नाही, सावकाश लेनही नाही. पण पाचव्या ओळीतलं एखादं उत्तर उद्या लिहून ठेवता येतं. आम्ही पोस्टकार्डाएवढं एक कार्ड केलं. सकाळी कढया तापवणाऱ्याने ते पुसता येणाऱ्या पेनने भरायचं आणि हेडसेटवाल्या माणसाच्या डोळ्यांसमोर अडकवायचं. भरायला अर्धं मिनिट लागतं.

ओळखीच्या कुठल्याही खाण्याच्या ठिकाणी मालकाची परवानगी घेऊन, मंगळवारी दुपारी २ ते ४ अशा निवांत वेळात ते लावून बघा. तीन गोष्टी टिपा: किती जणांनी विचारलं, किती सेकंदांत उत्तर मिळालं, आणि उत्तर ऐकून किती जणांनी ऑर्डर बदलली. कार्डावर एवढंच असतं:

कढई १: बटाटे, दुसरं काही नाही.
कढई २: चिकन, मासे.
तेल बदललं: आज सकाळी. भरणाऱ्याची सही.